बायपोलर: बऱ्या दिवसांत करून ठेवायची कामं

मागच्या अंकात आम्ही बायपोलर आजाराबद्दल प्रश्न मागवले होते. या आजारात माणूस कधी उन्मादात (म्हणजे मॅनियात: झोप कमी, अंगात बेसुमार जोर) जातो, कधी नैराश्यात, आणि मधले दिवस बरे असतात. आलेली बहुतेक पत्रं एकाच वळणावर लिहिलेली आहेत: घरात वादळ होऊन गेलंय, माणूस शांत झालाय आणि घरच्यांना वाटतंय, सुटलो एकदाचे. आमच्या मते खरं काम तिथूनच सुरू होतं. उन्माद चढलेला असताना समजावून उपयोग होत नाही. नैराश्यात माणसाला उठून तोंड धुणंही जड जातं. जे काही ठरवायचं, लिहायचं, ज्यावर सह्या करायच्या, ते सगळं मधल्या बऱ्या दिवसांत. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत. औषधांचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : माझे मिस्टर (वय ४६) बायपोलरसाठी तीन वर्षं लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेतात. तब्येत छान आहे. पण सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की त्याने किडनी जाते, म्हणून रोज गोळीवरून वाद. गेल्या पावसाळ्यात यांना दोन दिवस जुलाब झाले, त्यातच गुडघ्यासाठी केमिस्टकडून आणलेल्या गोळ्या चालू होत्या. हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरता येईना. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी थोडे दिवस थांबवली. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? (डोंबिवली)

जुलाब आणि गुडघ्याची गोळी एकत्र आली, तिथेच घोळ झाला. लिथियम हा क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला जवळपास मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवलं जातं. गोळी तीच, पण रक्तातलं प्रमाण वर. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्याही मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी करतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, व्होवेरानमध्ये डायक्लोफिनॅक. दोन्ही घरोघरी असतात, म्हणून नावं सांगितली. ताप किंवा अंगदुखीसाठी साधं पॅरासिटामॉल चालतं.

शेहेचाळिशीत ब्लडप्रेशरची गोळी कधीही सुरू होऊ शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या गोळ्यांनी लिथियमची लेव्हल वाढते. त्यांच्यासोबत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर आणखी वाढते. अशा गोळीच्या नावापुढे बहुधा ‘एच’ अक्षर असतं. फॅमिली डॉक्टरांना लिथियमचं माहीत नसेल तर ते बिचारे नेहमीची गोळी लिहून देणार. म्हणून मिस्टरांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘लिथियम चालू आहे’, डोस, मानसोपचार डॉक्टरांचा फोन. दातांच्या डॉक्टरांनाही ती दाखवायची, कारण दात काढल्यावर हमखास दुखण्याची गोळी मिळते. ‘मीठ बंद करा’ असा सल्ला मिळाला तर तो एकदम अमलात आणू नका; मीठ अचानक तोडलं तरी लेव्हल वर जाते.

आता तपासणी. औषध नियमित चालू असताना रक्तातलं प्रमाण (लेव्हल) साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, काहींना १.० पर्यंत ठेवतात. १.५ च्या वर धोका. वय झालेल्या माणसाला त्याच्या खालीही त्रास होऊ शकतो, म्हणून आकड्याइतकंच माणसाकडे बघायचं. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला नमुना, आणि सकाळची गोळी असेल तर ती नमुना दिल्यानंतर. डोंबिवलीहून परळच्या ओपीडीला येऊन नमुना देणार असाल तर गाडी, केस पेपरची रांग, सगळं धरून रात्रीची गोळी किती वाजता घ्यायची ते मागे मोजा. लेव्हल चुकते ती बहुतेक वेळा इथे: गोळी घेऊन तीन तासांत रक्त दिलं जातं, आकडा उगाच मोठा येतो आणि चांगला चाललेला डोस कमी केला जातो. दुसरी चूक लॅबमध्ये होते. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं, बहुधा हिरव्या झाकणाच्या नळ्यांत. त्यात नमुना घेतला तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं. ‘लिथियमची टेस्ट आहे, साधी नळी घ्या’ एवढं सांगायला लाजू नका.

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर आठवड्याभराने लेव्हल, स्थिर झाल्यावर दर ३ ते ६ महिन्यांनी. दर ६ महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी), वर्षातून एकदा कॅल्शियम. सासूबाईंना हेच वेळापत्रक कागदावर लिहून दाखवा. त्यांची काळजी खोटी नाही. बरीच वर्षं लिथियम घेतल्यावर काहींच्या मूत्रपिंडाचं काम हळूहळू कमी होतं. पण ते हळू होतं आणि क्रिएटिनिनमध्ये दिसतं, म्हणूनच तपासतात. थायरॉइड मंदावलं तर थायरॉक्सिनची गोळी जोडतात, लिथियम सोडावं लागतंच असं नाही. मूत्रपिंडाला अधिक घातक असतं ते लेव्हल पुन्हा पुन्हा वर जाणं, आणि ते तुमच्या हातात आहे.

पावसाळ्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढची लिथियमची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. हे आत्ताच, बरं असताना, त्यांना विचारून लिहून घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट नव्हे. बोटांची बारीक थरथर अनेकांना नेहमीच असते. पण हात जाडसर हलायला लागले, चाल डगमगली, जीभ जड झाली, ग्लानी आली तर फोनवर वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल. निर्जळी उपासानेही अंगातलं पाणी कमी होऊन लेव्हल चढते. एकादशी फराळ करून, पाणी पिऊन करावी, आणि उन्हाळ्यात पाण्याची बाटली कायम बरोबर.

एक मात्र पक्कं: भांडणाला कंटाळून गोळी एकदम बंद करायची नाही. लिथियम अचानक तोडल्यावर पुढच्या काही महिन्यांत उन्माद परतण्याचा धोका बराच वाढतो. बंद करायचंच ठरलं तर किमान ४ आठवडे, जमल्यास ३ महिने घेऊन, पायरीपायरीने. आणि ४०० ची एसआर (हळूहळू विरघळणारी) गोळी संपली म्हणून केमिस्टने ३०० ची साधी दिली, असं चालत नाही. एसआर गोळी कुटून किंवा चावूनही घ्यायची नाही. पावसात गाड्या बंद पडतात हे धरून घरात दहा दिवसांची आणि ऑफिसच्या बॅगेत दोन दिवसांची गोळी असू द्या.

प्रश्न : माझ्या भावाला (वय ३१) बायपोलर आहे. दोनदा मॅनियामध्ये अ‍ॅडमिट करावं लागलं. आता तो जरा हसला, जोरात बोलला तरी आईच्या पोटात गोळा येतो. तो चिडतो, ‘मी आनंदात पण राहायचं नाही का?’ म्हणतो. त्याचंही खरंच आहे. साधा आनंद आणि मॅनियाची सुरुवात यांतला फरक ओळखायचा कसा? (बोरिवली)

झोपेवरून. बाकी सगळी लक्षणं माणसागणिक बदलतात, झोप सहसा दगा देत नाही. आणि इथे एक बारकावा आहे. काळजीने झोप न लागणारा माणूस सकाळी थकलेला असतो, डोळे चोळतो, डोकं दुखतं म्हणतो. उन्मादाकडे निघालेला माणूस चार तास झोपतो आणि पाचला उठून ताजातवाना असतो, झोप मोडल्याची तक्रारच नसते. ‘झोपलो कमी, पण दमलो नाही’ हे वाक्य ऐकू आलं की कान टवकारायचे. आनंदी माणूस रात्री झोपतो.

दादाबरोबर बसून एक वही करा. त्याची वही, त्याच्या हस्ताक्षरात. रोज एक ओळ: किती तास झोपलो, मूड उणे ३ ते अधिक ३ मध्ये कुठे, गोळ्या घेतल्या का, आणि चार शब्द. ओळी अशा दिसतात: ‘सोम. ७ तास. ०. हो. नेहमीसारखा.’ ‘बुध. ५॥ तास. +१. हो. खूप कामं झाली.’ ‘गुरु. ४ तास. +१. हो. दमलो नाही. क्लासची आयडिया.’ बुधवारची ओळ सुटी वाचली तर त्यात काहीच नाही. गुरुवारची तिच्याखाली आली की चित्र दिसतं. एवढ्यासाठीच वही. लांबलचक डायरी कुणी महिनाभरही लिहीत नाही, एक ओळ वर्षभर लिहून होते.

मग मागच्या दोन्ही वेळच्या आधीचे दोन आठवडे एकत्र आठवा. अ‍ॅडमिट केल्याचा दिवस सगळ्यांना आठवतो, त्याच्या आधीचं कुणी विचारत नाही. जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उघडा, वेळा बघा. पहाटे तीनला पाठवलेला लांबलचक व्हॉइस नोट, एकाच दिवशी काढलेले तीन ग्रुप, लोकलमध्ये अनोळखी माणसांना दिलेला नंबर, जेवण अर्धं टाकून उठणं, आईच्या बोलण्यावर चटकन तुटून पडणं. प्रत्येकाची अशी पाच-सहा चिन्हं असतात आणि दर वेळी जवळपास तीच परत येतात. ती त्याच्याच शब्दांत लिहा. नैराश्याचीही वेगळी लिहा: फोन न उचलणं, तोच शर्ट तिसऱ्या दिवशी, अंघोळ टाळणं, सकाळी पाय शिशाचे होणं.

कागदाच्या खाली काय करायचं ते. सलग दोन रात्री ५ तासांहून कमी झोप झाली तर: संध्याकाळचे कार्यक्रम रद्द, दुपारी १२ नंतर चहा-कॉफी नाही, रात्री दहाला फोन दुसऱ्या खोलीत, खोलीत अंधार आणि डॉक्टरांना मेसेज. अशा वेळी झोपेसाठी कोणती गोळी किती वाढवायची, हे काही डॉक्टर आधीच लिहून देतात. पुढच्या फॉलोअपला मागून घ्या. तिसरी रात्रही तशीच गेली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दुसऱ्या दिवशी ओपीडी गाठायची. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत, जे. जे. मध्येही आहे. उन्माद पहिल्या तीन-चार दिवसांत पकडला तर बऱ्याचदा घरीच आटोक्यात येतो. दहाव्या दिवशी आजार आहे हेच त्याला पटत नाही.

बोलायचं कुणी, हेही दादानेच ठरवावं. एकच माणूस. आई, बाबा, तू, काकू सगळ्यांनी एकामागून एक विचारलं तर त्याला घेरल्यासारखं होतं. आणि ‘गोळी घेतलीस का?’ हे पहिलं वाक्य नको. त्याचा अर्थ त्याला ‘तू वेडा झालायस’ असा ऐकू येतो. जे डोळ्यांनी दिसलं तेच सांगायचं: ‘दादा, काल साडेतीनला तुझा मेसेज आला, परवा दोनला. कागदावर आपण दोन रात्री लिहिल्यात.’ कागद त्याचा असतो, म्हणून तो थोडं तरी ऐकतो. वहीत झोप सात तास असेल तर मात्र आईने त्याला मोकळ्या मनाने हसू द्यावं. आईला हे पटवणं तुमचं काम.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, लालबागचा. मंडळाचं काम लहानपणापासून करतो. गेल्या वर्षी गणपतीनंतर मला पहिल्यांदा मॅनिया झाला, आता गोळ्या चालू आहेत. घरचे म्हणतात मंडळ सोड. सोडावं लागेल का? (लालबाग)

नाही. रात्री सोडाव्या लागतील, मंडळ नाही. दहा दिवसांची जागरणं, ढोल-ताशा, गर्दी, वेळीअवेळी खाणं, गोळ्यांच्या चुकलेल्या वेळा: यातल्या झोपेच्या एका गोष्टीनेसुद्धा बायपोलर असलेल्या माणसाचं घड्याळ बिघडतं. उन्माद चढायला लागला की झोप आणखी उडते, आणि ते चक्र मग स्वतःच फिरत राहतं.

महिनाभर आधी अध्यक्षांकडे जाऊन दिवसाची कामं मागून घ्या: सकाळची रांग, हिशेब, वर्गणीच्या पावत्या, प्रसादाचं सामान, रक्तदान शिबिर. कारण सांगायचं तर ‘डॉक्टरांनी रात्रीचं जागरण बंद केलंय’ एवढंच पुरे. रात्री अकराला घरी. लालबागमध्ये तेव्हा घरातही आवाज येणार, म्हणून कानात फोमचे बोळे, खिडकीला जाड पडदा. किंवा त्या दहा दिवसांत झोपायला उपनगरातल्या मावशीकडे. ही सोय सगळ्यांत चांगली, आणि ती ऑगस्टमध्येच ठरवून ठेवायची. उठायची वेळ रोज तीच. रात्र चुकली तरी सकाळी दुपारपर्यंत लोळायचं नाही.

विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तुम्ही निघताना आरतीला असा, दुपारभर चाला आणि अंधार पडल्यावर मागे फिरा. मित्र चौपाटीपर्यंत गेले आणि आपण नाही, हे पहिल्या वर्षी जिव्हारी लागेल. खूपच लागेल. पण गेल्या वर्षीचा सप्टेंबर कसा गेला ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दारू पूर्ण बंद, गांजाही. फॉलोअपची तारीख गणपतीच्या आदल्या आठवड्यात घ्या आणि संपल्यावर चार दिवसांत पुन्हा एक.

प्रश्न : माझ्या मुलीने (वय २८) उन्मादात असताना तीन आठवड्यांत सगळी बचत उडवली. फ्यूचर-ऑप्शनमध्ये (शेअर बाजारातले जोखमीचे सौदे) पैसे घालवले, तीन अ‍ॅपवरून कर्ज काढलं. आता ती बरी आहे, पण शरमेने आमच्याशी बोलत नाही. पुढच्या वेळी काय करायचं? (मुलुंड)

आधी शरमेचं. पैसे उधळणं हे उन्मादाचं लक्षण आहे, जसा मलेरियात ताप. लेकीला हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा आणि मग हिशेब काढा. हिशेब एकाच बैठकीत, एकाच कागदावर: कुणाचे किती, व्याज किती, तारीख काय. क्रेडिट ब्युरोचा (सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढला की विसरलेलं कर्जही दिसतं. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफचा मोजका काळ असतो, तो कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकात लिहिलेला असतो. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं तर दंड लागत नाही. या वेळी तो निघून गेला असेल, पण पुढच्या वेळी पहिल्या दोन दिवसांत हेच तपासायचं.

पुढची तटबंदी तिच्या संमतीने आणि तिच्याच हाताने बांधा. तुम्ही कार्ड हिसकावून घेतलंत तर ती नवं काढेल. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही. खर्चाचं वेगळं खातं, त्यात महिन्याची रक्कम, यूपीआय फक्त त्यालाच. कार्डाची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमध्ये कमी करता येते, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदही करता येतात. बचत दोघांच्या नावे मुदत ठेवीत, आणि ‘दोघांपैकी कुणीही’ नव्हे तर ‘दोघांच्या सहीने’ हा पर्याय. बँकेचा माणूस न विचारता पहिल्या पर्यायावर टिक करतो, फॉर्म वाचून घ्या. ब्रोकरकडे फ्यूचर-ऑप्शनचा विभाग बंद करता येतो, ट्रेडिंग खातं स्वतःहून गोठवायची सोयही असते. यातलं कुठलंही कुलूप पक्कं नाही. पण उन्मादातला निर्णय त्या तासात व्हावा लागतो. दोन दिवसांचा अडथळा आला की बरेच बेत विरून जातात.

घर, जमीन, दुकान असा मोठा व्यवहार झाला असेल तर वकील गाठा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ नुसार एरवी मन ठिकाणावर असणारा माणूस ज्या काळात तसा नसतो त्या काळात करार करू शकत नाही. पण ते सिद्ध करावं लागतं, आणि तिथे कामाला येतो तारखेचा शिक्का असलेला केस पेपर. म्हणून एकही केस पेपर टाकू नका.

आणि नैराश्यातले निर्णयही तेवढेच महाग पडतात. ‘माझी लायकी नाही’ म्हणून दिलेला राजीनामा हाही आजारातलाच व्यवहार असतो. वर सांगितलेल्या वहीतला मूड शून्याच्या आसपास चार आठवडे राहीपर्यंत मोठी सही नाही, असं दोन्ही बाजूंनी ठरवा.

प्रश्न : अगदी टोकाची वेळ आली आणि पेशंट हॉस्पिटलला यायलाच तयार नसेल तर? कायद्याने काय करता येतं? (कुर्ला)

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या दोन सोयी बऱ्या दिवसांत करून ठेवायच्या. पहिली, नामनिर्देशित प्रतिनिधी. साध्या कागदावर ‘माझ्या वतीने अमुक व्यक्ती’ असं लिहून सही केली की झालं. दुसरी, आगाऊ निर्देश: आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे नकोत, हे पेशंटने स्वतः लिहून ठेवणं. कुठली औषधं मानवली, कशाने अंग आखडलं, कुठल्या हॉस्पिटलला जायचं, सगळं त्यात येतं.

पेशंट नकार देत असेल आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा स्वतःकडे अजिबात लक्ष देऊ शकत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावर, डॉक्टरांच्या स्वतंत्र तपासण्यांनंतर, कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. जिवाचा धोका असेल तर कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. म्हणजे मध्यरात्री मानसोपचार डॉक्टर नाहीत म्हणून थांबायचं नाही. १०८ ला रुग्णवाहिका, गरज पडली तर ११२. आजारामुळे धोका निर्माण झालेल्या माणसाला संरक्षण देऊन हॉस्पिटलला नेणं हे पोलिसांचं कायद्याने सांगितलेलं काम आहे. फोनवर ‘भांडण चालू आहे’ असं म्हणू नका. ‘मानसिक आजाराचा पेशंट आहे, जिवाला धोका आहे’ असं सांगा.

सगळ्यांत जोखमीची अवस्था मिश्र असते: मन नैराश्यातलं, अंगातला जोर उन्मादातला. माणूस रडतो, येरझाऱ्या घालतो, झोपत नाही, मरणाचं बोलतो. अशा वेळी त्याला एकटं सोडायचं नाही, आणि सगळ्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात. लिथियमचा जास्त डोस जिवावर बेततो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानस १४४१६ हा सरकारी फोन चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतो. आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलीस केसच्या भीतीने उपचार लांबवू नका. याच कायद्याच्या कलम ११५ मुळे तो प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं धरलं जातं, शिक्षा होत नाही.

प्रश्न : मी २९ वर्षांची, बायपोलरसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू आहे. आम्हाला बाळ हवंय. गोळी बंद करून टाकू का? (ठाणे)

बंद करू नका, आणि दिवसही जाऊ देऊ नका. याच आठवड्यात मानसोपचार डॉक्टरांना भेटा. व्हॅल्प्रोएट चालू असताना राहिलेल्या गर्भांपैकी साधारण १० पैकी १ बाळात मोठं व्यंग दिसतं, पाठीच्या कण्याचं वगैरे. १० पैकी ३ ते ४ मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीत अडचणी येतात. मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे औषध शक्यतो देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण एकदम तोडलं तर आजार उलटतो. दुसरं औषध हळूहळू चढवायचं, हे उतरवायचं, मग काही महिने स्थिर राहून बघायचं. तोवर गर्भनिरोधन. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर आधीपासूनच सुरू करतील, पण त्याने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही.

बदली म्हणून लॅमोट्रिजिन आलं तर ते फार हळू वाढवतात: सहसा दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग वर. व्हॅल्प्रोएट सोबत असताना त्याच्या निम्म्याने. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. पुरळ आलं, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर पुन्हा मोठ्या डोसवरून सुरू करायचं नाही, डॉक्टरांना विचारून तळापासून. लिथियम निवडलं तर गरोदरपणात त्याची लेव्हल खाली जाते आणि वारंवार तपासावी लागते.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला जपतात. तुमच्या बाबतीत जपणं म्हणजे रात्रीची सलग पाच-सहा तास झोप. रात्रीचं एक दूध काढून ठेवलेलं किंवा वरचं, आणि ते पाजायला नवरा किंवा आई. दूध पाजताना कुठली गोळी चालेल हे बाळंतपणाआधीच बालरोगतज्ज्ञांना विचारून लिहून ठेवा. सासर-माहेर दोन्हीकडे हे सातव्या महिन्यापर्यंत बोलून झालेलं हवं, कारण पाचवीच्या गोंधळात कुणी ऐकून घेत नाही.

प्रश्न : नाइट शिफ्टची नोकरी आहे. कंपनीला आजाराचं नाव सांगावं लागेल का? आणि विमा मिळतो का? (ऐरोली)

फिरती शिफ्ट या आजाराला मानवत नाही. डॉक्टरांकडून ‘वैद्यकीय कारणास्तव दिवसाची ठरावीक शिफ्ट आवश्यक’ एवढंच प्रमाणपत्र घ्या, त्यात आजाराचं नाव लिहावंच लागतं असं नाही. विम्याच्या फॉर्मवर मात्र नाव लपवू नका. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपनीने मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखीच सोय द्यायची आहे. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागू शकतं. लपवल्याचं कळलं तर दाव्यावरच पाणी. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या बहुतेक पॉलिसींत येत नाहीत, दाखल झाल्याचा खर्च येतो. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. डिस्चार्ज कार्ड, केस पेपर आणि कंपनीचं नकाराचं पत्र यांच्या झेरॉक्स सोबत न्या.